खाडाखोडीची वही

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका शाळेत जाण्याचा योग आला. मुलांनी मांडलेले प्रयोग पाहून झाले आणि चहासाठी शिक्षकांच्या खोलीकडे निघालो, तेव्हा जिन्याजवळ एक फलक दिसला. ॲन फ्रँकचे चित्र आणि त्याखाली सुंदर अक्षरात तिचे ते जगप्रसिद्ध वाक्य, माणसाच्या चांगुलपणावरच्या विश्वासाचे. आमच्याबरोबर आठवीतल्या दोन मुली होत्या. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले, "मॅडम, तिला भीती नव्हती का वाटत?" मी काही बोलायच्या आत बरोबरचे शिक्षक म्हणाले, "छे! फार धीराची मुलगी होती ती." मुलगी "हो सर" म्हणाली आणि गप्प झाली.

ते उत्तर सद्भावनेने दिलेले होते, पण ते चुकीचे होते. १६ सप्टेंबर १९४३ च्या नोंदीत ॲनने लिहिले आहे, की भीती आणि उदासपणा यांवर उपाय म्हणून ती रोज व्हॅलेरियन या वनस्पतीचे औषध घेते. विमानविरोधी तोफांचा मारा सुरू झाला की ती रात्री उठून वडिलांच्या अंथरुणात शिरत असे. ज्या मुलीला आपल्या भीतीविषयी बोलायचे असावे, तिला आपण 'ॲनला भीती वाटत नव्हती' असे सांगून परत पाठवले. एका पुस्तकाचा याहून मोठा गैरवापर कोणता?

म्हणून या पुस्तकाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे असे वाटले. साहित्याची जाणकार म्हणून नव्हे, तर नोंदवही लिहिणे हाच जिचा रोजचा धंदा आहे अशी प्रयोगशाळेतली एक व्यक्ती म्हणून.

एक डायरी, तीन संहिता

मूळ हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. ॲनचा जन्म १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. नाझी सत्तेवर आल्यावर हे ज्यू कुटुंब हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला गेले. तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ ला, तिला लाल-पांढऱ्या चौकटींच्या कापडी बांधणीची एक वही मिळाली. पुढच्याच महिन्यात, ६ जुलैला, सारे कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागील भागात लपून राहू लागले. एकूण आठ माणसे तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. ४ ऑगस्ट १९४४ ला ती पकडली गेली. १९४५ च्या सुरुवातीला बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत ॲनचा मृत्यू झाला, तेव्हा तिला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आठांपैकी एकटे तिचे वडील, ऑटो फ्रँक, वाचले. कचेरीतल्या मीप गीस यांनी ॲनचे कागद न वाचता टेबलाच्या खणात जपून ठेवले होते. ते त्यांनी ऑटोंच्या हाती दिले आणि १९४७ मध्ये पुस्तक निघाले.

याच्या पुढची गोष्ट मात्र फलकांवर येत नाही. ॲनने ही डायरी दोनदा लिहिली. २८ मार्च १९४४ ला लंडनहून प्रसारित होणाऱ्या डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी आवाहन केले, की युद्धकाळातली सामान्य माणसांची पत्रे आणि रोजनिश्या जपून ठेवा, युद्धानंतर त्या गोळा करायच्या आहेत. ते ऐकून ॲनने मे १९४४ पासून आपलीच जुनी डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. अडीच-तीन महिन्यांत दोनशेहून अधिक कागद भरले. काही नोंदी तिने गाळल्या, काही वाढवल्या, काहींचा क्रम बदलला. अभ्यासक पहिल्या लेखनाला 'अ' संहिता म्हणतात, दुसऱ्याला 'ब'. वडिलांनी या दोहोंतून निवडून जे पुस्तक सिद्ध केले ते 'क'. १९८६ मध्ये हॉलंडच्या युद्धकालीन दस्तऐवज संस्थेने तिन्ही संहिता एकाखाली एक छापून चिकित्सक आवृत्ती काढली.

उपलब्ध कागद पाहिले तर त्यांचे चार भाग पडतात. जून ते डिसेंबर १९४२ या काळासाठी 'अ' आणि 'ब' दोन्ही आहेत. डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या वर्षाची मूळ वही हरवली, तेथे फक्त 'ब' आहे. त्यानंतर २९ मार्च १९४४ पर्यंत पुन्हा दोन्ही आहेत. आणि शेवटच्या चार महिन्यांसाठी फक्त 'अ' आहे, कारण पुनर्लेखन तेथवर पोचलेच नाही.

एखाद्या प्रयोगाच्या नोंदी वाचाव्यात तशी ही डायरी वाचायची असेल, तर हा तक्ता मनाशी ठेवावा लागतो. १९४३ ची जी ॲन आपल्याला भेटते, ती चौदा वर्षांची ॲन नव्हे. पंधरा वर्षांच्या ॲनने आठवून, निवडून लिहिलेली ती चौदा वर्षांची ॲन आहे. पुस्तकाच्या आरंभी २० जून १९४२ ची एक नोंद येते. शाळकरी मुलीने डायरी का लिहावी याचा तीत विचार आहे, आणि ती वाचून तेरा वर्षांच्या मुलीची प्रगल्भता पाहून आपण थक्क होतो. ही नोंद 'ब' संहितेतली, म्हणजे १९४४ मधली आहे. मूळ वहीतले पहिले दिवस बरेच साधे आहेत. तेथे वर्गातल्या मुलामुलींची माहिती आहे, चिकटवलेले फोटो आहेत. 'किटी'देखील पहिल्या दिवसापासून नव्हती. ॲनच्या आवडत्या लेखिकेच्या, सिसी फान मार्क्सफेल्ट यांच्या, मुलींसाठीच्या कादंबऱ्यांतल्या मैत्रिणींना ती सप्टेंबर १९४२ पासून पत्रे लिहू लागली. किटी त्यांतलीच एक. पुढे सगळ्याजणी मागे पडल्या आणि एकटी किटी उरली.

हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला मात्र ॲन या माहितीमुळे अधिक जवळची वाटली. तेरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलीसारखीच होती आणि दोन वर्षांत ती बदलली, हे त्यातून कळते.

खरेखोटे कसे ठरले?

विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगावा असा भाग आता येतो. डायरी बनावट आहे असा प्रचार नाझींचे समर्थक अनेक वर्षे करत होते. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीच्या गुन्हे अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेने एक छोटा अहवाल दिला. सुट्या कागदांतील काही दुरुस्त्या बॉलपेनच्या शाईने केलेल्या आहेत, असे त्यात होते. बॉलपेनचा वापर युद्धानंतर रूढ झाला. मग काय, प्रचारकांना हवे ते मिळाले.

याला उत्तर भाषणांनी मिळाले नाही. हॉलंडच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेने प्रत्येक कागद तपासला. कागद, डिंक आणि बांधणीचे धागे ही सारी सामग्री त्या काळातली ठरली. लिखाणाची शाई मुख्यतः फाउंटन पेनची, लोहाचे प्रमाण बरेच असलेली होती. अशी शाई पुढे १९५० नंतर मागे पडली. ॲनने मैत्रिणींच्या वह्यांत लिहिलेल्या कविता, आप्तांना पाठवलेली पत्रे यांच्याशी अक्षर ताडून पाहिले गेले. आणि बॉलपेन? ते डायरीच्या मजकुरात नव्हतेच. सुट्या कागदांमध्ये सरकवलेल्या दोन चिठ्ठ्यांवर ते होते, आणि त्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर ॲनचे नव्हते. १९६० च्या सुमारास एका खटल्यासाठी हस्ताक्षर तपासणाऱ्या चमूतील कुणाच्या तरी त्या टिपणाच्या चिठ्ठ्या होत्या.

आणखी एक आक्षेप असा होता, की अक्षर सर्वत्र सारखे नाही. कधी सुटे, कधी जोडलेले, सुरुवातीचे बाळबोध तर शेवटचे वळणदार. तपासनीसांनी सांगितले की तेरा ते पंधरा या वयात अक्षर असेच बदलते. आपल्यापैकी कुणीही सातवी आणि दहावीच्या वह्या शेजारी ठेवून हे पाहू शकतो. आक्षेप घेणाऱ्यांना जी खोटेपणाची खूण वाटली, ती वाढत्या वयाची खूण होती.

शाळा

ॲन हुशार विद्यार्थिनी होती असे फलक सांगतात. डायरी सांगते की ती बडबडी होती आणि बीजगणित, भूमिती, अंकगणित या तिन्हींचा तिला मनापासून तिटकारा होता. ज्यू मुलांना इतर शाळा बंद झाल्यामुळे ती १९४१ पासून केवळ ज्यू मुलांच्या माध्यमिक शाळेत जाऊ लागली होती. तेथे गणिताच्या कीसिंग सरांनी तिच्या बडबडीला वैतागून 'बडबडी' या विषयावर निबंध लिहिण्याची शिक्षा दिली. तिने काय लिहावे? माझी आई माझ्याइतकीच बोलते आणि आनुवंशिक गुणांपुढे इलाज नसतो! सर हसले. पण बडबड थांबेना म्हणून दुसरा निबंध आला, मग तिसरा. तिसरा तिने मैत्रिणीच्या मदतीने पद्यात लिहिला. पिल्ले फार कलकलाट करतात म्हणून त्यांना ठार मारणाऱ्या बापाची ती गोष्ट होती. सरांना टोला समजला. त्यांनी ती कविता टिप्पणीसह वर्गात वाचून दाखवली, इतर वर्गांतही वाचली, आणि त्यानंतर तिला बोलू दिले.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आनुवंशिकतेविषयीचा तिचा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या लंगडा आहे. बोलण्याची सवय घरात ऐकूनही लागते, हे सरांना म्हणता आले असते. पण एका मुलीने नियम, कारण आणि अपवाद यांचा स्वतःच्या बचावासाठी उपयोग केला, हे त्यांनी ओळखले. शिक्षेचा निबंध लिहिता लिहिता एक लेखिका घडत होती आणि गणिताच्या शिक्षकाने तिला वाट दिली.

लपून राहतानाही शाळा सुटली नव्हती. फ्रेंच, इतिहास, लघुलेखन असे विषय चालू होते. कचेरीतली माणसे ग्रंथालयातून पुस्तके आणून देत. ॲनची बहीण मार्गोट कचेरीतल्या बेप या तरुणीच्या नावावर टपालाने लॅटिन शिकत होती. ॲन राजघराण्यांच्या वंशावळी मांडत बसे, ग्रीक-रोमन पुराणकथा वाचे, आणि सिनेनटांची चित्रे भिंतीला चिकटवी. हे सारे एकाच मुलीत होते, आणि यातले काहीही वगळण्याजोगे नाही.

भीती आणि वाढ

'वाढणे' म्हणजे काय, याचे या पुस्तकाइतके स्पष्ट चित्र माझ्या वाचनात दुसरे नाही. जानेवारी १९४४ च्या आरंभी ॲन जुनी पाने चाळत बसली. आईविषयी आपण किती संतापाने लिहिले आहे हे पाहून तिला धक्का बसला. तिने काय केले? पाने फाडली नाहीत. त्या नोंदी तशाच ठेवून आपण तेव्हा असे का लिहिले याची कारणे नव्या नोंदीत शोधली. आईची बाजूही तिला आता थोडी दिसू लागली होती. त्याच महिन्यात, २२ जानेवारीला, १९४२ मधल्या एका जुन्या नोंदीखाली तिने नवी तारीख घालून टिपण जोडले, की असे आता मला लिहिता येणार नाही.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी दुरुस्ती आणि तारीख लिहायची. आपण काल काय समजत होतो आणि आज काय समजतो, या दोहोंतील अंतर म्हणजेच शिकणे. ते अंतर पुसले तर शिकल्याचा पुरावाच उरत नाही.

भीतीचेही तसेच आहे. तोफांच्या आवाजाने घाबरणारी ॲन, घरात चोर शिरल्यावर रात्रभर श्वास रोखून बसलेली ॲन आणि पोटमाळ्याच्या खिडकीतून चेस्टनटचे झाड पाहणारी ॲन एकच आहे. (ते झाड २०१० च्या ऑगस्टमध्ये वादळात पडले.) फलकावरचे ते वाक्य १५ जुलै १९४४ च्या नोंदीतले आहे. त्याच्या लागूनच जगाचे हळूहळू वाळवंट होत असल्याचे आणि जवळ येणाऱ्या विनाशाचेही लिहिलेले आहे. ते सोडून फक्त विश्वासाचे वाक्य उचलणे म्हणजे आलेखावरचा सोयीचा एक बिंदू ठेवून बाकीचे पुसणे होय.

कुणी काय झाकले

१९४७ च्या आवृत्तीत शरीराविषयीचा आणि आईविषयीचा काही मजकूर गाळला होता. काही वडिलांनी गाळला, काही प्रकाशकाच्या आग्रहाने गेला. त्या काळात, आणि पत्नी व मुली गमावलेल्या माणसाच्या बाबतीत, ते समजू शकते. पुढच्या विस्तारित आवृत्तीत बराचसा मजकूर परत आला. मासिक पाळीविषयी ॲन संकोच न करता, काहीशा अभिमानाने लिहिते. स्त्रीच्या शरीररचनेचे तिने केलेले वर्णन आपल्या कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षा सुस्पष्ट आहे. २४ जानेवारी १९४४ च्या नोंदीत गोदामातल्या बोक्याचा प्रसंग आहे. तो बोका की मांजरी असा वाद होता. पेटरने त्याला उचलून सरळ शब्दांत दाखवून दिले. या गोष्टी इतक्या सहजपणे, थट्टा न करता बोलता येतात याचे तिला अप्रूप वाटले. जीवशास्त्राच्या तासाला पुनरुत्पादनाचा पाठ 'घरी वाचा' म्हणून सोडून देणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग वाचावा.

झाकण्याचा एक निराळा प्रकारही आहे. पहिल्या वहीतली दोन पाने तपकिरी कागद चिकटवून झाकलेली होती. मागून प्रकाश टाकून छायाचित्रे घेतली गेली, संगणकाने अक्षरे सुटी केली, आणि २०१८ मध्ये तो मजकूर जाहीर झाला. काही चावट विनोद आणि लैंगिक बाबींवरच्या काही ओळी होत्या. तंत्र कौतुकास्पद आहे, पण मला ते वाचताना अवघडल्यासारखे झाले. मोठ्यांनी मुलांच्या लिखाणातून गाळणे वेगळे आणि मुलाने स्वतःचे पान स्वतः झाकणे वेगळे. दुसऱ्याचा मान राखायला हवा. ॲन आज इतिहासाचा भाग आहे, तिच्या बाबतीत अभ्यासकांचे समर्थन मान्य होईल. आपल्या वर्गातल्या मुलीच्या वहीवरचा कागद मात्र आपण उचलायचा नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ॲनच्या खोलीत राहणारे दंतवैद्य फ्रिट्झ फेफर यांना तिने 'डुसेल', म्हणजे मठ्ठ, असे नाव दिले आणि जगाने ते तसेच स्वीकारले. टेबल आठवड्यातून दोन दिवस दुपारी मिळावे यासाठी झालेले त्यांचे भांडण जुलै १९४३ चे, म्हणजे मूळ वही हरवलेल्या वर्षातले आहे. आपल्यापुढे एकाच बाजूची साक्ष आहे, आणि तीही नंतर लिहिलेली. मार्गोटही डायरी लिहीत असे. ती कधीच सापडली नाही. तीच घटना दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदीत कशी दिसली असती, हे आता कळणार नाही. मुलांना हे सांगितल्याने ॲन लहान होत नाही. साक्ष कशी वाचायची हे मात्र ती शिकतात.

आपल्या वह्या

आता आपल्या शाळांकडे वळू. विज्ञानाचे जर्नल कसे असावे, याचे आपले निकष काय आहेत? अक्षर चांगले, आकृती पेन्सिलीने, खाडाखोड नाही. परिणामी मुले निरीक्षण आधी कच्च्या कागदावर घेतात, 'बरोबर' उत्तराशी जुळवतात आणि मग पक्के लिहितात. काहीजण मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून काढतात. लोलकाचा आवर्तकाल चुकीचा आला म्हणून गुण कापले जातात, आणि हवा तो आकडा मागाहून भरला तर पूर्ण गुण मिळतात. मीही शाळेत असेच केले आहे. संशोधनाला लागल्यावर ती सवय मोडायला मला दोन वर्षे लागली. निबंधाच्या वहीचे वेगळे काही नाही. 'माझा आवडता छंद' हा निबंध मार्गदर्शकातून उतरवलेला असतो आणि त्यात कुणालाच कशाची भीती वाटत नाही.

म्हणून एक छोटी सूचना करते. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक वही ठेवायला सांगावे. डाव्या पानावर लिहायचे, उजवे कोरे ठेवायचे. विषय काहीही असो: न समजलेला धडा, वाचलेले पुस्तक, भांडण, अंधाराची भीती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक तास द्यावा. मुलांनी आपलीच जुनी पाने वाचावीत आणि उजव्या बाजूला तारीख घालून आज काय वाटते ते लिहावे. शिक्षकाने ही वही तपासायची नाही, मागायचीही नाही. ज्याला दाखवावीशी वाटेल तो दाखवेल. एका तासात मुलांना स्वतःच्या वाढीचे मोजमाप मिळेल, आणि आपण चुकलो होतो हे शांतपणे लिहिता येते, हेही कळेल. विज्ञान शिकण्याची याहून चांगली पूर्वतयारी मला ठाऊक नाही.

आणि त्या आठवीतल्या मुलीसाठी एक उत्तर. हो, ॲनला खूप भीती वाटायची. रोज वाटायची. तिने ती तारीख घालून लिहून ठेवली. तुला कशाची वाटते?